जुन्या मोटारीच्या एसीतील गॅसगळतीचा शोध

मोटारीच्या एसीतला गॅस वापराने संपत नाही. पेट्रोल जळून जाते, इंजिन ऑइल काळे पडते, ब्रेकचे लायनर झिजतात. एसीतला गॅस मात्र बंद नळीमार्गात वर्षानुवर्षे फिरत राहावा, अशीच त्याची योजना असते. तो कमी झाला असेल तर कुठून तरी बाहेर गेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. तरीही जुन्या गाड्यांच्या बाबतीत मार्च-एप्रिल उजाडला की गॅस भरून घ्यायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच करायचे, ही पद्धत सर्रास दिसते. त्यात पैसा जातो, कॉम्प्रेसरचे आयुष्य घटते आणि पृथ्वीचे तापमान वाढवणारा वायू हवेत सुटतो. गळती शोधणे वेळखाऊ आहे, पण त्याची एक ठरलेली वाट आहे. त्या वाटेने टप्प्याटप्प्याने गेले तर बहुतेक गळत्या सापडतात.

बंद मार्ग आणि त्यातले कच्चे दुवे

इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो आणि त्यामुळे तो तापतो. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये बाहेरच्या वाऱ्याने तो निवतो आणि द्रवरूप होतो. हा द्रव ड्रायरमधून जातो. तिथे त्यातला ओलावा आणि कचरा अडतो. पुढे एक्स्पान्शन वाल्वच्या बारीक छिद्रातून तो कमी दाबाच्या भागात सुटतो आणि डॅशबोर्डच्या आत दडलेल्या कूलिंग कॉइलमध्ये उकळून पुन्हा वायू होतो. उकळायला लागणारी उष्णता तो केबिनच्या हवेतून खेचून घेतो, म्हणून आत गारवा येतो. तिथून गॅस पुन्हा कॉम्प्रेसरकडे वळतो.

गेल्या शतकाच्या अखेरीपासून मोटारींत सर्वाधिक वापरला गेलेला आर-१३४ए हा गॅस वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसवर उकळतो. एसी चालू असताना परतीच्या, म्हणजे लो साइडच्या नळीत साधारण २५ ते ४५ पीएसआय दाब असतो. कॉम्प्रेसरपासून एक्स्पान्शन वाल्वपर्यंतच्या, म्हणजे हाय साइडच्या भागात तो १५० ते २५० पीएसआय आणि कडक उन्हात त्याहूनही जास्त असतो. एवढ्या दाबाखालचा गॅस लहान मोटारीत असतो अवघा ४०० ते ६०० ग्रॅम. त्यातला शेकडा ३०-४० भाग गेला तरी गारव्यातला फरक सहज जाणवतो.

घरातल्या फ्रिजचा गॅस वीस-वीस वर्षे टिकतो, मग मोटारीचाच का जातो, याचे उत्तर रचनेत आहे. फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर आणि त्याची मोटर एकाच बंद कवचात असतात आणि नळ्यांचे सांधे डाग देऊन कायमचे जोडलेले असतात. मोटारीत कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर चालतो, त्यामुळे त्याचा फिरता दांडा कवचाच्या बाहेर काढावाच लागतो. दांड्याभोवती गॅस अडवते ती एक सील. इंजिन सतत हादरत असते आणि कंडेन्सर चेसिसला घट्ट बसवलेला असतो, म्हणून मधल्या नळ्या लवचीक रबरी होजच्या ठेवाव्या लागतात. शिवाय दुरुस्तीसाठी प्रत्येक भाग सुटा करता यावा लागतो, म्हणून जागोजागी नट, क्लॅम्प आणि रबरी ओ-रिंग येतात. सील, होज आणि ओ-रिंग हे तीन दुवे मोटारीच्या एसीत मुळातच नाजूक असतात, आणि वयाचा पहिला घाव त्यांच्यावरच बसतो.

वर्षानुवर्षे बॉनेटखालची उष्णता सोसून ओ-रिंगचे रबर कडक होते. दाबून चपटी झालेली रिंग पुन्हा फुगत नाही आणि सांध्यात केसाएवढी फट राहते. होजचे रबर सुकते आणि धातूच्या टोकाला जिथे ते आवळलेले असते तिथून ऑइल पाझरू लागते. कंडेन्सर गाडीच्या नाकावरच असल्यामुळे उडणारे खडे, चिखल आणि धूळ यांचा मारा त्यालाच बसतो. कोकण किनारपट्टी, मुंबई, गोवा अशा खाऱ्या हवेच्या भागात त्याच्या ॲल्युमिनियमच्या पातळ नळ्या लवकर खाल्ल्या जातात. कूलिंग कॉइल कायम ओलसर असते. अनेक जुन्या गाड्यांत केबिन फिल्टरच नसल्याने धूळ आणि पालापाचोळा थेट तिच्यावर साचतो आणि त्या ओल्या थराखाली धातू हळूहळू कुरतडला जातो. कॉम्प्रेसरची सील मात्र वापराइतकीच न वापरल्यानेही बिघडते. तिच्यावर ऑइलचा पातळ थर असेपर्यंतच ती नीट बसते, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की तो थर सुकतो. म्हणून हिवाळ्यात किंवा पावसाळ्यात गरज नसली तरी आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवावा, असे सांगितले जाते.

आधी खात्री, मग शोध

गारवा कमी झाला म्हणजे गॅसच गेला असे नसते. कंडेन्सरचा पंखा बंद पडणे, पट्टा घसरणे, कॉम्प्रेसरचा क्लच न पकडणे, ब्लोअरच्या वाटेत कचरा अडकणे, हीटरचा वाल्व पूर्ण बंद न होणे, यांपैकी कोणत्याही कारणाने एसी कोमट हवा फेकू शकतो. या गोष्टी तपासायला फारसा वेळ लागत नाही, म्हणून त्या आधी पाहून घेणे शहाणपणाचे.

गॅस कमी असल्याची लक्षणे वेगळी असतात. चालत्या गाडीत बरा वाटणारा गारवा सिग्नलला थांबल्यावर जातो. कॉम्प्रेसरचा क्लच दर काही सेकंदांनी टक्‌ करून लागतो आणि सुटतो, कारण लो साइडचा दाब घसरला की प्रेशर स्विच त्याला तोडतो. डॅशबोर्डमधून फुसफुस ऐकू येते. काही जुन्या गाड्यांच्या ड्रायरवर काचेची छोटी खिडकी असते. एसी चालू असताना तिच्यात बुडबुड्यांचा फेस सतत दिसला तर द्रव पुरेसा नाही, असा अंदाज बांधता येतो.

गेज लावून दाब पाहताना एक गफलत हमखास होते. बंद गाडीत दाब चांगला दिसला की गॅस पुरेसा आहे असे मानले जाते. प्रत्यक्षात बंद प्रणालीतला दाब गॅसच्या वजनावर नाही, तर तापमानावर ठरतो. ३० अंश सेल्सिअसला आर-१३४ए चा दाब सुमारे ९७ पीएसआय असतो, आणि आत थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत तो तेवढाच राहतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरची ज्योत शेवटच्या दिवसापर्यंत तेवढीच मोठी राहते, तसाच हा प्रकार. दाब या आकड्यापेक्षा बराच खाली असेल तर मात्र आतला सगळा द्रव संपला आहे आणि गळती मोठी आहे, हे नक्की. किती गॅस उरला आहे ते कळण्याचा खरा मार्ग एकच: रिकव्हरी मशीनने तो काढून घेऊन वजन करणे.

शोध सुरू करताना प्रणालीत थोडा तरी दाब हवा. ती पूर्ण रिकामी असेल तर साबण, रंग, यंत्र यांपैकी काहीच कामाला येत नाही.

डोळे आणि चिंधी

सर्वांत स्वस्त आणि बऱ्याचदा सर्वांत उपयोगी साधन म्हणजे चांगला उजेड. एसीतल्या गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे ऑइलही सगळीकडे फिरत असते. गॅस फटीतून निसटला की उडून जातो. ऑइल मात्र तिथेच राहते आणि त्यावर धूळ चिकटते. त्यामुळे सांध्याभोवती काळपट, ओलसर, चिकट डाग दिसला तर संशयाला जागा आहे. बोट किंवा पांढरी चिंधी फिरवली की हा डाग नुसत्या धुळीपेक्षा वेगळा कळतो. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल वरून ठिबकले असेल तर फसगत होते, म्हणून डाग पुसून दोन-चार दिवस गाडी चालवावी आणि तो त्याच जागी पुन्हा येतो का ते पाहावे.

कॉम्प्रेसरच्या सीलची गळती तर स्वतःचा नकाशाच काढून ठेवते. दांड्याजवळून निसटलेले ऑइल फिरत्या क्लचवर येते आणि तिथून गोल भिरकावले जाते. क्लचच्या रेषेत, बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा शेजारच्या पत्र्यावर, तेलकट थेंबांचा अरुंद पट्टा उमटतो. असा पट्टा दिसला की पुढचा तपास थेट सीलपासून सुरू करता येतो.

डोळ्यांनी पाहायच्या जागांची यादी गाडीच्या नाकापासून सुरू करावी: कंडेन्सरची पूर्ण जाळी, विशेषतः खालचे कोपरे आणि ब्रॅकेट घासतात त्या जागा, कंडेन्सरच्या दोन्ही नळ्यांचे सांधे, ड्रायर आणि प्रेशर स्विच, कॉम्प्रेसरचे पुढचे तोंड, कवचाचे जोड आणि मागचे होज, होजची आवळलेली टोके, आणि शेवटी इंजिनमागच्या पत्र्यातून नळ्या केबिनमध्ये शिरतात ती जागा.

साबणाचे पाणी

संशयित सांध्यावर भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे दाट पाणी ब्रशने लावणे ही जुनी पद्धत आजही विश्वासाची आहे. ती फसते ती घाईमुळे. वर्षाला १०० ग्रॅम गॅस सोडणारी गळती म्हणजे तासाला जेमतेम पावणेतीन मिलिलिटर वायू. एवढ्या वेगाने तीन मिलिमीटर व्यासाचा एक बुडबुडा फुगायला सुमारे २० सेकंद लागतात. गळती वर्षाला १० ग्रॅमची असेल तर त्याच बुडबुड्याला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. साबण लावून लगेच नजर दुसरीकडे वळली तर गळती समोर असून दिसत नाही. प्रत्येक सांध्यावर फेस नसलेले पाणी लावावे आणि काही मिनिटे टॉर्चच्या उजेडात शांतपणे पाहत राहावे. लहान गळतीत सुटा बुडबुडा क्वचितच दिसतो. बारीक पांढऱ्या फेसाचा पुंजका जमतो.

गॅस भरायच्या तोंडावरच्या पिन वाल्वसाठी ही पद्धत सर्वांत चांगली. टोपण काढून तोंडात साबणपाण्याचे दोन थेंब सोडले आणि ते फुगून वर आले, तर दोष तिथेच. हा वाल्व टायरच्या वाल्वसारखाच आकाराने लहान आणि किमतीने क्षुल्लक असतो, पण वारंवार गेज लावून आणि काढून त्याची रबरी बैठक झिजते. वर रबरी वायसर असलेले टोपण घट्ट बसवणे हा त्याचा दुसरा बंदोबस्त. जुन्या गाड्यांत नेमके हेच टोपण हरवलेले असते.

दाब केव्हा कुठे जास्त असतो हे ध्यानात ठेवले तर साबण आणि यंत्र दोन्ही जास्त प्रभावी ठरतात. एसी चालू असताना लो साइडला ३० पीएसआयच्या आसपासच दाब असतो; गाडी बंद केल्यावर दोन्ही बाजू समान होऊन तिथे तो ९० च्या पुढे जातो. म्हणून कूलिंग कॉइल आणि परतीचा होज गाडी बंद असताना तपासावेत. कंडेन्सर आणि हाय साइडचे सांधे मात्र एसी दहा-पंधरा मिनिटे चालवून, इंजिन बंद करताक्षणी पाहावेत. चालत्या पंख्यात आणि पट्ट्यात हात घालून तपासणी करू नये.

चमकणारा रंग

अतिनील प्रकाशात पिवळा-हिरवा चमकणारा रंग अगदी थोडा, काही मिलिलिटर, गॅसबरोबर आत सोडला जातो. तो ऑइलमध्ये मिसळतो आणि गळतीपाशी ऑइलबरोबर बाहेर येतो. गाडी काही दिवस नेहमीसारखी वापरून मग अंधाऱ्या जागी अतिनील टॉर्च आणि पिवळा चष्मा घेऊन पाहिले की गळतीची जागा ठळक उजळते. अधूनमधून, फक्त हादऱ्याने किंवा विशिष्ट तापमानालाच होणाऱ्या गळतीसाठी ही पद्धत फार उपयोगी, कारण पुरावा मागे राहतो. रंग गरजेपेक्षा जास्त घातला तर ऑइल पातळ होते. दुरुस्तीनंतर जुने डाग स्वच्छ पुसले नाहीत तर पुढच्या वेळी तेच नवी गळती म्हणून फसवतात. कूलिंग कॉइलवर प्रकाश पोहोचत नाही. तिच्या बाबतीत गाडीखाली पाणी टपकते त्या ड्रेन पाइपच्या तोंडाशी रंगाची चमक शोधावी लागते.

वास घेणारे यंत्र

आर-१३४ए येण्यापूर्वी मोटारींत आर-१२ हा गॅस होता. मेकॅनिक तेव्हा हॅलाइड टॉर्च वापरत: लहान ज्योत, तिच्यात तापलेला तांब्याचा तुकडा आणि हवा ओढणारी नळी. नळी गळतीजवळ गेली की आर-१२ मधल्या क्लोरीनमुळे ज्योत हिरवी होई. त्याच वेळी विषारी फॉस्जीन वायूही तयार होत असे. हेच क्लोरीन ओझोनच्या थराला मारक असल्याचे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवले. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला आणि आर-१२ हळूहळू बाद झाला. आर-१३४ए मध्ये क्लोरीन नसल्यामुळे त्याच्या गळतीपुढे ही ज्योत आंधळी ठरते. तिची जागा इलेक्ट्रॉनिक लीक डिटेक्टरने घेतली.

तापवलेल्या सेन्सरचे किंवा इन्फ्रारेडचे चांगले डिटेक्टर वर्षाला चार-पाच ग्रॅम इतकी बारीक गळतीही ओळखतात. मात्र ते हाताळण्याची शिस्त लागते. हा गॅस हवेच्या साडेतीनपट जड असल्यामुळे तो खाली उतरतो. म्हणून यंत्राचे टोक सांध्याच्या खालच्या बाजूने न्यावे. ते पृष्ठभागापासून पाच मिलिमीटरच्या आत, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर या वेगाने फिरवावे. गॅरेजचा पंखा बंद ठेवावा. यंत्राने आवाज केला की टोक दूर नेऊन, पुन्हा शून्य करून, त्याच जागी परत आणावे; दोन-तीनदा तेच उत्तर आले तरच ते खरे धरावे. पेट्रोल, क्लिनर स्प्रे, ताजे सीलंट यांच्या वाफांनीही काही यंत्रे ओरडतात. म्हणून यंत्राने दाखवलेल्या जागेवर साबण लावून दुजोरा घेण्याची पद्धत चांगली. एक गळती सापडली म्हणून तपास थांबवू नये. जुन्या गाडीत अनेकदा दोन-तीन गळत्या एकाच वेळी असतात.

कूलिंग कॉइल: सर्वांत अवघड जागा

कूलिंग कॉइल बदलायची तर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड खोलावा लागतो आणि मजुरी सुट्या भागाइतकी किंवा जास्तही होते. त्यामुळे ठोस पुराव्याशिवाय तिला हात लावू नये. तपासणीसाठी एसी चालवून मग गाडी बंद करावी, ब्लोअर काही सेकंद जोरात चालवून आतली हवा बदलावी आणि दहा-पंधरा मिनिटे दारे-खिडक्या बंद ठेवून थांबावे. गळती असेल तर जड गॅस कॉइलच्या पेटीच्या तळाशी साचतो. त्यानंतर डिटेक्टरचे टोक ड्रेन पाइपच्या तोंडाशी किंवा ब्लोअरच्या रेझिस्टरच्या जागेतून आत धरावे. पाणी टोकात शिरणार नाही एवढी काळजी घ्यावी. बाहेरचे सगळे सांधे निर्दोष ठरले आणि इथे यंत्राने वारंवार इशारा दिला, तरच डॅशबोर्ड खोलण्याचा निर्णय घ्यावा.

नायट्रोजन आणि व्हॅक्यूम

प्रणाली रिकामीच असेल, तर केवळ गळती शोधण्यासाठी महागडा गॅस भरणे चूक आहे. तिथे कोरडा नायट्रोजन उपयोगी पडतो. रेग्युलेटर लावून, गाडीच्या निर्मात्याने ठरवलेल्या मर्यादेत नायट्रोजनचा दाब भरायचा, सांध्यांवर साबण लावायचा आणि गेज काही तास किंवा रात्रभर पाहायचा. इथे तापमानाचा हिशेब विसरू नये: दुपारी ३५ अंशांना १५० पीएसआय भरलेला नायट्रोजन पहाटे २५ अंशांना गळती नसतानाही सुमारे १४५ वर येतो. ऑक्सिजन कधीही वापरू नये. ऑइलशी त्याची गाठ पडली की स्फोट होऊ शकतो. साधी दाबलेली हवाही चालत नाही: तिच्यातला ओलावा आत जातो आणि दाबाखाली आर-१३४ए व हवा यांचे मिश्रण पेट घेऊ शकते.

व्हॅक्यूम पंप लावून काटा स्थिर राहतो का ते पाहणे ही गळतीची पुरेशी परीक्षा नाही. व्हॅक्यूममध्ये बाहेरच्या हवेचा जोर केवळ १५ पीएसआयच्या आसपास आणि तोही आतल्या दिशेने असतो. सांधे त्याने उलट आवळले जातात. २०० पीएसआयला बाहेर फुटणारी फट अशा परीक्षेत सहज उत्तीर्ण होते. व्हॅक्यूमचे खरे काम आतली हवा आणि ओलावा काढण्याचे आहे.

दुरुस्ती आणि भरणा

गळती सापडल्यावर तो सांधा उघडून ओ-रिंग बदलावी. नवी रिंग आर-१३४ए साठी बनवलेल्या रबराची असावी, तिला एसीचेच ऑइल लावावे आणि नट नेमून दिलेल्या जोराने आवळावा. जास्त आवळल्याने ॲल्युमिनियमचे आटे जातात. प्रणाली बराच वेळ उघडी राहिली असेल तर ड्रायर बदलणे आवश्यक, कारण त्यातली ओलावा शोषणारी द्रव्ये हवेतल्या दमटपणानेच भरून जातात. छिद्र पडलेल्या कंडेन्सरला किंवा कॉइलला डाग देण्यापेक्षा बदलणे टिकाऊ ठरते. गळती आपोआप बुजवणारी रसायने टाळावीत; ओलाव्याशी संबंध येताच ती घट्ट होतात आणि एक्स्पान्शन वाल्व तसेच गॅरेजमधले रिकव्हरी मशीन चोंदवतात. स्वस्त, बिनखात्रीचा गॅसही टाळावा. आर-१३४ए म्हणून खपवलेल्या काही डब्यांत ज्वालाग्राही वायू किंवा ॲल्युमिनियमवर घातक क्रिया करणारे मिथाइल क्लोराइड असू शकते.

त्यानंतर पंपाने किमान अर्धा तास व्हॅक्यूम करावा. ३० अंश सेल्सिअसला पाणी सुमारे ४२ मिलिबार दाबाला उकळते, म्हणून दाब त्याच्या बराच खाली गेला तरच आतला ओलावा वाफ होऊन निघतो. गळतीबरोबर गेलेले ऑइल योग्य प्रकारचे आणि योग्य मापात भरावे. गॅस कमी असताना कॉम्प्रेसरपर्यंत ऑइल परतत नाही आणि तो कोरडा घासतो, हेच वर्षानुवर्षे नुसता गॅस भरत राहिलेल्या गाड्यांत कॉम्प्रेसर जाम होण्याचे एक मोठे कारण आहे. गॅस भरताना गेजच्या काट्यावर विसंबू नये, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले वजन वजनकाट्यावर मोजून भरावे. द्रव गॅस त्वचेवर उडाला तर हिमदंश होतो, डोळ्याला इजा होते. हातमोजे आणि चष्मा अनिवार्य.

जुना गॅस हवेत सोडून देऊ नये. १०० वर्षांच्या हिशेबाने आर-१३४ए ची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट आहे. ५०० ग्रॅम गॅस सुटणे म्हणजे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड, अर्थात सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळण्याइतके नुकसान. याच कारणाने मॉन्ट्रियल करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवण्याचे ठरले आणि भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली.

दुरुस्ती पूर्ण झाली की भरलेल्या गॅसचे वजन आणि तारीख गाडीच्या नोंदवहीत लिहून ठेवावी. जुन्या होजमधून आणि सीलमधून थोडासा गॅस दरवर्षी झिरपतच राहतो. त्यासाठी घाबरण्याचे कारण नाही. पुढे कधी गारवा कमी वाटला तर गॅस काढून पुन्हा वजन करावे आणि आधीच्या आकड्याशी ताडून पाहावे. तीन-चार वर्षांत थोडासाच गॅस गेला असेल तर तो वयाचा परिणाम. एका हंगामात २०० ग्रॅम गेले असतील तर कुठे तरी नवी फट पडली आहे, आणि भरणा करण्याआधी शोध पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करायला हवा.